वरून टाकलेला घास

डॉक्टरांनी मला डोळे मिटायला सांगितले. म्हणाले, "अम्मा, डाव्या हाताला जिथे जिथे मी स्पर्श करीन, तिथे उजव्या हाताचं बोट ठेवा." मी डोळे मिटून बसले. बराच वेळ झाला तरी ते काही करीनात, तेव्हा मीच म्हटलं, "करा की सुरू."

तरी काही होईना म्हणून मी डोळे उघडले. डॉक्टरांच्या एका हातात पीस होतं, दुसऱ्या हातात टाचणी. माझे यजमान भिंतीकडे तोंड करून उभे होते. मनगटाच्या वरच्या त्या फिकट चट्ट्यावर डॉक्टरांनी सात-आठ वेळा पीस फिरवलं होतं आणि तीनदा टाचणी टोचली होती. टोचलेल्या जागी रक्ताचे तीन बारीक थेंब उभे होते. माझंच रक्त, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

"ॲनेस्थेटिक पॅच," डॉक्टर म्हणाले. म्हणजे बधिर झालेला चट्टा. मग त्यांनी माझ्या कोपराच्या मागे बोटं दाबून एक शीर चाचपली. तिला अल्नर नर्व्ह म्हणतात. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट या शिरेच्या ताब्यात असतं. माझी शीर सुतळीएवढी जाड झाली होती. "लेप्रसी," ते म्हणाले. हा शब्द मला ठाऊक नव्हता. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना ते कळलं असावं, कारण आवाज खाली आणून त्यांनी तमिळ शब्द सांगितला. तो आपल्याकडेही तोच आहे. कुष्ठ.

ज्या कोणाच्या अंगावर असा चट्टा उठला असेल आणि ज्यांनी तो पदराखाली झाकून ठेवला असेल, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. चट्टा खाजत नाही, दुखत नाही, म्हणून खूश होऊ नका. मी दीड वर्ष खूश होते.

कुंभकोणमात आमचं घर अग्रहारातलं, म्हणजे ब्राह्मणांच्या आळीतलं. यजमान कचेरीत कारकून. आमचं तंजावूरकडचं मराठी घराणं. घरात आपली जुनी मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. घरात माणसं चार: आम्ही दोघं, सासूबाई आणि सहा वर्षांची मुलगी गोदू. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते, आमच्यात तशीच रीत आहे.

चट्टा पहिल्यांदा दिसला तो भोगीच्या न्हाणाच्या दिवशी. मला वाटलं घामानं आलंय, हळद लावली की जाईल. गेला नाही. मग एके दिवशी आमटीची पितळी उरुळी चुलीवरून उतरवताना मला काहीतरी जळाल्याचा वास आला. भात लागला असेल म्हणून मी चुलीकडे पाहत राहिले. जळत होती माझी करंगळी.

आत्याबाईंनी फोड पाहिला, चट्टा पाहिला, आणि त्या खालीच बसल्या. गोदूच्या वेळी माझं पोट टिकेना, तेव्हा त्यांनी तिरुक्करुगावूरच्या देवीला नवस बोलला होता. तो फेडायचा राहिला होता. "ते हे फिरून आले गे," त्या म्हणाल्या. मग आम्ही तिरुक्करुगावूरच्या खेपा केल्या. तिथल्या महादेवाला पुनुगू, म्हणजे जवादी मांजराची कस्तुरी, माखतात, त्यानं कातडीचे रोग जातात म्हणतात. तेही केलं. महामहम तळ्यात न्हाऊन झालं. यात आठ महिने गेले. मी कोणाला दोष देत नाही. मीही तितक्याच भक्तीनं गेले होते.

शेवटी कचेरीतल्या कोणी यजमानांना सांगितलं की आडुतुरैच्या रस्त्याला सरकारनं या रोगाचा दवाखाना उघडला आहे, दर बुधवारी, औषध फुकट. त्या माणसानं ते सहज बोलता बोलता सांगितलं, यजमानांनी सहज ऐकल्यासारखं दाखवलं, आणि पुढच्या बुधवारी आम्ही जटका, म्हणजे घोडागाडी, करून निघालो. जटकावाल्याला पोटदुखी सांगितली.

त्या पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी आणखी एक तपासणी केली. तिला स्मिअर म्हणतात. कानाच्या पाळीला बारीक चीर देऊन आतला रस काचेवर घेतात आणि दुर्बिणीखाली जंतू शोधतात. माझ्या काचेवर जंतू दिसले नाहीत. डॉक्टर यजमानांकडे वळून स्पष्ट शब्दांत म्हणाले, "हा न्यूरल टाइप आहे, शिरांचा प्रकार. हा एकाचा दुसऱ्याला लागत नाही. यांनी घरात राहावं, स्वयंपाक करावा, मुलीला जवळ घ्यावं. फक्त औषध सोडू नये, आणि हात जपावा."

यजमानांनी मान हलवली. ते शिकलेले, इंग्रजी वर्तमानपत्र वाचणारे. त्यांनी डॉक्टरांना दोन प्रश्न विचारले, दोन्ही शहाणपणाचे. माझ्या जिवात जीव आला. मला वाटलं, ज्याला कळायला हवं त्याला कळलं, आता बाकीचं निभेल.

घरी येऊन त्यांनी आत्याबाईंना सांगितलं, "हाताची शीर आखडली आहे." बाकी काही सांगितलं नाही. आत्याबाईंना सांगायची गरजही नव्हती. संध्याकाळी माझं अंथरूण, एक तांब्या, एक पेला आणि दोन लुगडी मागच्या परसात, गोठ्याला लागून असलेल्या खोलीत ठेवलेली मला दिसली. यजमान ओसरीवर वर्तमानपत्र वाचत होते. पान उलटल्याचा आवाज मला आला नाही, एवढं खरं.

"कधीपर्यंत?" मी आत्याबाईंना विचारलं.

"सरकारी शिक्क्याचा कागद आण, बरी जाहलीस म्हणून. मग ये आंत. मज काय सून नको आहे?" असं म्हणताना त्या रडत होत्या. त्या दुष्ट असत्या तर मला सोपं गेलं असतं.

तेव्हापासून माझं सगळं लक्ष त्या कागदावर. स्वयंपाकघरासाठी नव्हे, खरं सांगायचं तर एका गोष्टीसाठी. आमच्याकडे संध्याकाळी मुलांना पान मांडत नाहीत. आई सगळा भात एका भांड्यात कालवते आणि मुलाच्या तळहातावर एकेक गोळा ठेवते. मूल दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं त्यात खळगा करतं, आई त्यात आमटी घालते. गोदूचा खळगा नेहमी आरपार जायचा आणि आमटी कोपरापर्यंत ओघळायची. रोज मी ओरडायची. आता तिच्या तळहातावर आत्याबाई गोळा ठेवत होत्या आणि मी परसातून ऐकत होते. त्या ओरडत नसत.

माझं जेवण आत्याबाई घेऊन येत. मी केळीचं पान मांडून बसायचं, आणि त्यांनी हातभर उंचावरून भात सोडायचा. पहिल्या दिवशी अर्धा भात पानाबाहेर पडला. पुढे त्यांचा नेम बसला.

बुधवारच्या औषधाबद्दल सांगते. ते हिड्नोकार्पस ऑइल, म्हणजे कडूकवठीच्या बियांचं तेल. तमिळमध्ये नीरडीमुत्तू. ते सुईनं चट्ट्याच्या कातडीत ठिकठिकाणी घालतात, आणि मोठी मात्रा मांडीत. चट्ट्यात दुखत नाही, मांडीत दुखतं. डॉक्टरांनी पहिल्याच वेळी बजावलं होतं, "सुईच्या जागा दुसऱ्या दिवसापर्यंत कोरड्या ठेवायच्या. तळ्याचं, नदीचं पाणी लागू द्यायचं नाही."

दवाखान्यात पत्र्याच्या मांडवाखाली दोन लांब बाकं होती, एक बायकांचं आणि एक पुरुषांचं. बाकावर जात पाहून जागा नव्हती. माझ्या शेजारी अंजलै बसायची. ती शेतात लावणी-कापणी करणारी, चेरीत राहणारी, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीतली. तिच्या गालावर आणि पाठीवर चट्टे होते. पहिल्या बुधवारी ती बसायला आली तशी मी लुगड्याचा सोगा आवरून बाकाच्या टोकाला सरकले. दुसऱ्या बुधवारी मी कंपाउंडरला विचारलं, मला निराळं स्टूल मिळेल का. तो म्हणाला, "सगळ्यांना एकच रोग आहे, अम्मा." मला त्याचा राग आला. मी काही रोगामुळे स्टूल मागत नव्हते.

हे लिहिताना मला लाज वाटते आहे, पण सोडून दिलं तर या सगळ्याला काही अर्थ उरणार नाही. घरी मला गोठ्याशेजारी ठेवलं म्हणून मी रडत होते, आणि दवाखान्यात मी बाकाच्या टोकाला बसत होते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे हे माझ्या डोक्यातही आलं नाही. एक अन्याय होता, दुसरी रीत होती.

एकदा उन्हाळ्यात माझ्या कुजातलं, म्हणजे छोट्या तांब्यातलं, पाणी संपलं. डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. अंजलैनं मडक्यातलं ताक पुढे केलं. मडकं तोंडाला लावायचं नाही, वरून ओतते, असंही तीच म्हणाली. मी मान हलवून नको म्हटलं. तिला त्याचं काही वाटल्याचं दिसलं नाही. तिनं मडकं पुन्हा फडक्यानं झाकलं आणि माझ्या तोंडावर आपल्या पदरानं वारा घालू लागली. वारा मी घेतला. वाऱ्याला विटाळ नसतो.

तर दर बुधवारी घरी आले की मी काय करीत असे? बाकावर कोण कोण बसतं, आता मी शुद्ध कशी, म्हणून नेसत्या लुगड्यानिशी कावेरीवर बुडी मारायची. आणि ओलेत्यानंच घरी यायचं, कारण अंगावर वाळलेलं तेच सोवळं. डॉक्टरांचं बोलणं मी विसरले नव्हते. पण एक दिवस पाण्यानं काय होतंय, असं वाटायचं. रोगानं माझं घर गेलं होतं, निदान सोवळं तरी माझ्याकडे राहू दे, हाही एक भाव होता. परसातल्या त्या खोलीत मी कोणी होते ते त्या ओल्या लुगड्यामुळेच होते.

पहिल्या वर्षाच्या शेवटी हातावर आणि मांडीवर गळवं आली. डॉक्टर त्याला ॲबसेस म्हणतात. एक चिरलं की दुसरं यायचं. ताप भरायचा. तीन वेळा चिरून घेतल्यावर डॉक्टरांनी औषध बंद केलं आणि मला समोर बसवलं.

"सुया उकळलेल्या आहेत. तेल चांगलं आहे. बाकी कोणाला गळवं नाहीत. घरी जाऊन तुम्ही काय करता?"

"काही नाही. न्हाते फक्त."

"त्याच दिवशी? नदीवर?"

"न्हावंच लागतं की." मी थोड्या ताठ्यातच बोलले. "त्या बाकावर कोण कोण बसतं."

डॉक्टर तमिळ, चाळिशीतले, फारसे न बोलणारे. त्यांनी टेबलावरची कापसाची बरणी उचलून पुन्हा तिथेच ठेवली. मग म्हणाले, "तुमच्याबरोबर बसणाऱ्या बाईला एकही गळू झालं नाही. मी सांगितलं तेवढंच तिनं केलं."

औषध चार महिने बंद राहिलं. त्या चार महिन्यांत माझी करंगळी आणि शेजारचं बोट तळव्याकडे वळलं. याला क्लॉ हँड म्हणतात, म्हणजे पंज्यासारखा वाकलेला हात. ती दोन बोटं पुन्हा सरळ झाली नाहीत. लोक म्हणतात रोगानं गेली. ती रोगानं गेली नाहीत.

त्यानंतर मी बुधवारी न्हाणं सोडलं. कोरड्या अंगानं परसात बसून राहायची आणि अंगाला मुंग्या लागल्यासारखं व्हायचं. पण सोडलं, कारण कागद हवा होता. मन बदललं म्हणून सोडलं असं मी म्हणणार नाही.

अंजलैला तिचा कागद माझ्या एक वर्ष आधी मिळाला. तिला तो वाचता येत नव्हता, तिनं माझ्यापुढे धरला. मी तो हातात न घेता इंग्रजीखालची तमिळ ओळ वाचून दाखवली. "या बाईचा रोग थांबला आहे, हिच्यापासून कोणाला धोका नाही." ती दोनदा वाचायला लावून ऐकत राहिली. म्हणाली, "मग आता लावणीच्या ओळीत घेतील." मग तिनं तो कागद बांबूच्या नळीत सरकवून कमरेला खोवला. त्यानंतर ती दवाखान्यात आली नाही.

माझ्या कागदाच्या दिवशी मी डॉक्टरांना विचारलं, "हे दाखवल्यावर लोक मानतील ना?" तीन वर्षांत हा एकच प्रश्न मी त्यांना औषधाबाहेरचा विचारला होता.

त्यांनी सही केली, शिक्का मारला, शाई वाळायची वाट पाहिली. "माझी आई माझ्या हातचं पाणी पीत नाही," ते म्हणाले. "मी इथे काम करतो म्हणून. मी तिला दुर्बिणीतून दाखवलं, पुस्तक वाचून दाखवलं. ती म्हणते, सगळं खरं आहे रे बाबा, पण नको." मग कागद माझ्यापुढे करून म्हणाले, "तुमची गोष्ट वेगळी होईल कदाचित." त्यांना माझं मन मोडवेना, हे मला दिसत होतं.

घरी यजमानांनी कागद मोठ्यानं वाचला, आधी इंग्रजीत आणि मग मराठीत अर्थ सांगून. आत्याबाईंनी शिक्क्यावरून बोट फिरवलं. शब्द दिला होता, तो त्यांनी पाळला. "ये गे आंत," म्हणाल्या. साडेतीन वर्षांनी मी माझ्या चुलीपुढे बसले. आंबट भाजी केली, डांगर कालवलं, भाताला नेहमीपेक्षा जास्त तूप सोडलं. वास सगळा पहिल्यासारखा आला.

आत्याबाईंना त्या दिवशी उपास निघाला. कुठल्या देवाचा ते मी विचारलं नाही. यजमान पानावर बसले, भात कालवला, कालवत राहिले. "कचेरीत थोडं खाल्लं होतं," म्हणाले, आणि पान दुमडून उठले. दुमडलेलं पान जाड होतं. नंतर गोठ्यात गाय माझा भात, माझी आंबट भाजी आणि माझं तूप खात होती.

तरी मला गोदूची आशा होती. ती आता नऊ-दहा वर्षांची झाली होती. मी भांड्यात भात कालवला आणि हाक मारली. ती आली, समोर बसली. आनंदानंच बसली, ते मला आठवतं, तिचे डोळे हसत होते. मी गोळा केला. तिनं पाठीमागून केळीच्या पानाचा एक तुकडा काढला आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला.

"आई, ह्यांत टाक. वरून."

तिच्या मनात काही वाईट नव्हतं. पान कसं धरायचं हे तिला कोणीतरी नीट शिकवलं होतं आणि तिनं ते नीट धरलं होतं. तिला वाटलं आपण आईला मदत करतो आहोत. मी गोळा पानावर टाकला. तिनं त्यात खळगा केला, हलकाच, आरपार न जाणारा. मग ती पान घेऊन परसाकडे गेली. मी मागे गेले नाही. गाय हंबरली तेवढं ऐकलं.

मी अजून परसातल्या खोलीतच राहते. आता कोणी मला तिथे राहा म्हणत नाही. माझं मी शिजवते, माझं मी खाते. यजमान येऊन दाराशी बसतात, वर्तमानपत्रातलं काही वाचून दाखवतात. एकदा अज्ञान कसं दूर होईल असा काहीतरी लेख होता. त्यांनी तो पूर्ण वाचला. मी ऐकून घेतला. माझ्या घरात अज्ञान नव्हतं. कागद सगळ्यांनी वाचला होता.

डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. माझा रोग त्यांनी थांबवला, डोळे, नाक, बाकीची आठ बोटं राखली. चट्टा दिसला तर उशीर करू नका, नवस फेडत बसू नका, सुईची जागा कोरडी ठेवा. एवढं केलंत तर तुम्ही बरे व्हाल, हे मी स्वतःच्या हातावरून सांगू शकते. दुसऱ्या गोष्टीबद्दल मला विचारू नका. पण विचाराल, म्हणून गेल्या महिन्यात घडलं ते सांगून थांबते.

दुपारी घरात कोणी नव्हतं. परसाच्या दारामागच्या बोळातून गोवऱ्या विकणारीची हाक आली. दार उघडलं तर अंजलै. डोक्यावर गोवऱ्यांची पाटी, कमरेला अजून ती बांबूची नळी. लावणीच्या ओळीत तिला घेतलं नव्हतं. मुकादमाला कागद दाखवला, तो म्हणाला, बांधावर ठेव आणि दूर हो. आता ती ज्या गल्ल्यांत तिला कोणी ओळखत नाही त्या गल्ल्यांत गोवऱ्या विकते. हे सगळं तिनं हसत सांगितलं. माझ्या वाकलेल्या बोटांकडे पाहिलं आणि हसायची थांबली.

"जेवलीस?" मी विचारलं.

तिनं डोक्यावरची पाटी खाली उतरवली. मी म्हटलं, "आत ये." ती म्हणाली, "नको अम्मा, तुम्हालाच त्रास होईल," आणि दाराच्या पायरीवर बाहेरच्या बाजूला बसली.

मी आत जाऊन दहीभात कालवला. कालवताना मी मनाशी पक्कं ठरवलं होतं. पान द्यायचं नाही. हिच्या तळहातावर गोळा ठेवायचा, गोदूच्या ठेवायची तसा. बाकावरचे ते सगळे बुधवार, ते ताक, तो पदराचा वारा, सगळं मला आठवत होतं. माझं मन इतकं भरून आलं होतं की भात नीट दिसत नव्हता. आयुष्यात मी कोणाला इतक्या मनापासून जेवू घातलं नसेल.

मी तिच्यासमोर उंबऱ्याच्या आत बसले. तिनं तळहात पुढे केला. मी गोळा तिच्या हाताकडे नेला. तिनं तो घेतला, अंगठ्यानं खळगा केला, मी त्यात लोणच्याचा खार घातला. ती खाऊ लागली.

"मीठ बरोबर पडलंय, अम्मा," ती म्हणाली.

साडेतीन वर्षं आणि वर हे दिवस, माझ्या हातच्या मिठाबद्दल कोणी चांगलं-वाईट बोललं नव्हतं. मला हुंदका आला. अंजलैला वाटलं मला बरं वाटलं म्हणून. पण मी माझ्या हाताकडे पाहत होते. तिचा तळहात वीतभर दूर असतानाच माझी बोटं सुटली होती. गोळा मी वरून टाकला होता. तिला त्यात काही वेगळं वाटलं नाही, कारण जन्मभर तिच्या हातात सगळं तसंच पडत आलं होतं.

मी दुसरा गोळा केला. या वेळी डोळे हातावरच ठेवले. तिनं तळहात पुढे धरला, आणि मी हात हळूहळू खाली नेला, आणखी खाली, तिच्या हातावरच्या रेषा दिसू लागेपर्यंत.

तोही मी वरूनच टाकला.